इंजिन पास झालं, पण परीक्षा कुणाची होती?



दिवाळीत भाचा आला होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्याला इंजिनांच्या कामात असतो. फराळाचं ताट जरा बाजूला सारून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मावशी, हे बघ. करंजाच्या तेलाचं बायोडिझेल, डिझेलमध्ये वीस टक्के. धूर कमी, ताकद जवळजवळ तेवढीच. इंजिन पास झालं!"

मी चष्मा लावून ते आलेख बघितले. मी बी.ए. मराठीची, तीसपस्तीस वर्षं पोरांना व्याकरण आणि इतिहास शिकवला. आलेखातल्या रेषा मला काय कळणार? पण आयुष्यभर पेपर तपासलेत. त्यामुळे कुणी 'पास झालं' म्हटलं, की माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघतो. मी विचारलं, "अरे, पण पेपर काय काढला होता? आणि परीक्षेला बसवलं होतं कुणाला?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, तू म्हणजे ना..."

विषय तिथेच राहिला, लाडू संपले, तो पुण्याला गेला. पण माझ्या डोक्यातून काही तो विषय जाईना. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. भाचा वाचेलच, तुम्हीही वाचा, आणि चुकत असेन तर सांगा.

आधी इंजिनाला त्याचं श्रेय देऊन टाकते. वनस्पतीच्या तेलावर डिझेल इंजिन चालतं का, तर चालतं. आणि हे काही आज कळलेलं नाही. १९०० साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. इंजिनात काहीही बदल न करता! रुडॉल्फ डिझेलने स्वतःच पुढे हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे हा विद्यार्थी सव्वाशे वर्षांपूर्वीच पास झालेला आहे. आपण त्याला पुन्हा पुन्हा त्याच वर्गात बसवतो आणि पुन्हा पुन्हा पेढे वाटतो.

आता कच्चं तेल आणि बायोडिझेल यातला फरक. हा मला आमच्या भातगिरणीवाल्याने शिकवला. माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण हात सोन्याचे. त्याच्याकडे वडिलांच्या वेळचं एका सिलिंडरचं जुनं इंजिन आहे, वीज गेली की त्यावर गिरणी चालते. एका वर्षी त्याने हौसेने करंजेल गाळून डिझेलमध्ये मिसळून चालवलं. महिना दीड महिना झकास चाललं. मग इंजिन धूर ओकायला लागलं. उघडून बघतो तर नोझल चोकअप, आत कार्बनचा थर. मला म्हणाला, "बाई, चालतं हो, पण पचत नाही."

याहून चांगलं मी तरी सांगू शकणार नाही. कच्चं तेल डिझेलपेक्षा दहापट तरी दाट. नोझलमधून त्याची बारीक फवार उडत नाही, थेंब मोठे राहतात, अर्धवट जळतात, काजळी धरते. म्हणून मग ते पातळ करायचं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून गरम करून ढवळायचं. शंभर किलो तेलाला साधारण दहा किलो मिथेनॉल लागतं. ठेवून दिलं की खाली ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ बायोडिझेल राहतं. ते धुऊन, पाणी काढून घेतलं की झालं. तेलात आंबटपणा जास्त असेल, जसा जुन्या करंजाच्या किंवा मोहाच्या तेलात असतो, तर त्याला आधी आम्लाची आणखी एक पायरी लागते. नाहीतर बायोडिझेलऐवजी साबणच तयार होतो.

असं तयार केलेलं तेल इंजिनाला पचतं. ते डिझेलइतकं चटकन पेट घेत नाही, म्हणून साठवायला सुरक्षित. गंधक जवळजवळ नाही. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी. उलट बाजूला, नायट्रोजनचे ऑक्साइड थोडे वाढतात, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या फुगतात, टाकीतला जुना मळ सुटून पहिले काही दिवस फिल्टर तुंबतात, आणि किलोमागे उष्णता दहाएक टक्के कमी, म्हणून तेल थोडं जास्त लागतं. हे सगळं भाच्याच्या मोबाईलमध्ये होतंच. मला ते शंभर टक्के मान्य आहे. भांडण तिथे नाहीच.

भांडण पुढे आहे.

आपल्याकडे हा उत्सव कसा सुरू झाला ते आठवून बघा. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली. पास! एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा जाडजूड अहवाल आला. त्यात जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, हा देशाचा तारणहार ठरला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल, त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर लागवड, असा हिशेब मांडला. राष्ट्रपती कलामसाहेब भाषणांमधून जट्रोफाचं नाव घेत. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती, आजही नाही. २००४ मध्ये भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने तयार केलेलं जट्रोफाचं बायोडिझेल घालून डेमलर-क्रायस्लरच्या दोन मर्सिडीज गाड्या देशभर ५,९०० किलोमीटर फिरल्या. पुन्हा पास! पुण्याच्या पेपरांत फोटो बघून आम्हीही खूश झालो होतो. २००५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने बायोडिझेलचं मानकही ठरवलं, आणि १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी लिटरला पंचवीस रुपये भावाने ते विकत घ्यावं असं धोरण लागू झालं.

आणि मग?

२०११-१२ आलं, गेलं. २००९ च्या जैवइंधन धोरणाने तेच वीस टक्के २०१७ वर ढकललं. २०१७ आलं, गेलं. २०१८ च्या धोरणात वीसाचे पाच टक्के झाले आणि साल झालं २०३०. आज डिझेलमध्ये मिसळलं जाणारं बायोडिझेल एक टक्क्याच्याही खाली आहे. आणि गंमत अशी, की ज्या रेल्वेने पहिली परीक्षा दिली तिचे जवळजवळ सगळे ब्रॉडगेज मार्ग आता विजेवर गेले. विद्यार्थ्याने शाळाच सोडली! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

इंजिन दरवेळी पास होत होतं, मग नापास कोण होत होतं? ते मी सांगते. कारण त्या परीक्षेला आमच्या घरचा एक माळही बसला होता.

आसनगावपासून थोडं आत आमची सव्वा एकर वरकस जमीन आहे. ज्यांना वरकस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची खाचरं खाली असतात, त्यांच्यावरचा उताराचा, मुरमाड भाग म्हणजे वरकस. पूर्वी तिथे नाचणी, वरी व्हायची. नंतर मजूर मिळेनात, तेव्हापासून फक्त गवत. २००६ साली एका संस्थेची माणसं आली. जीपमधून, टोप्या-बिप्या घालून. ह्यांना म्हणाली, "सर, जमीन पडीक ठेवलीत? मोगली एरंड लावा. पाणी नको, खत नको, गुरं खात नाहीत. रोपं आमची, तिसऱ्या वर्षापासून बी आम्ही विकत घेऊ. एवढ्या जमिनीत दोन टन सहज निघेल."

हे शिक्षकच. छापील पत्रकावर शिक्षकाचा विश्वास फार लवकर बसतो. पावसाच्या तोंडावर हजारभर रोपं लावली.

रोपं जगली, ते खरं. मोगली एरंड मरत नाही. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या त्याची कुंपणं असतात. लहानपणी त्याचा चीक काडीच्या वळ्यात धरून आम्ही फुगे उडवायचो. पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं, हे आम्हाला चौथ्या वर्षी कळलं. एका झाडावर एकाच वेळी फूल, हिरवं फळ, पिवळं फळ आणि काळं वाळलेलं फळ. म्हणजे भातासारखं एकदा विळा लावून मोकळं होता येत नाही. दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक झाडापाशी जायचं, पिकलेली तेवढी हाताने तोडायची, वाळवायची, फोडायची, बी वेगळं करायचं. पाड्यावरच्या दोघी बायका कामाला येत. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यापरीस करवंदं बरी, खाता तरी येतात."

त्या वर्षी सगळं मिळून दीडशे किलो बी निघालं. दोन टनांच्या जागी दीडशे किलो.

आता हिशेब करा. मी गणिताची शिक्षिका नाही, पण हा हिशेब चौथीचा आहे. एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी लागतं. म्हणजे दीडशे किलोंचं तेल झालं सदतीस-अडतीस लिटर. एका ट्रॅक्टरची टाकीसुद्धा भरली नसती! सरकारी भाव पंचवीस रुपये लिटर. घाणा, मिथेनॉल, वाहतूक, कारखान्याचा नफा हे सगळं फुकट झालं असं धरलं, तरी किलोभर बियाला सव्वासहा रुपयांच्या वर एक पैसा मिळणं शक्य नाही. दीडशे किलोंचे झाले साडेनऊशे रुपयांच्या आत. वर्षभराचे. यातून त्या दोघींची मजुरीसुद्धा सुटली नसती. आधी त्याच माळाचं गवत आम्ही उभं विकायचो, त्याचे याहून जास्त यायचे, तेही घरी बसून.

नियोजन आयोगाच्या हिशेबात हेक्टरी सुमारे १,२०० किलो तेल धरलेलं होतं. आमच्या माळावर त्याचा पंधरावा हिस्साही नाही. हो, आमचा माळ म्हणजे देश नव्हे, हे मला कळतं. पाणी दिलं असतं, खत दिलं असतं, छाटणी केली असती तर जास्त मिळालं असतं. पण मग 'पाणी नको, खत नको' हे कशाला सांगितलंत? आणि पाणी, खत द्यायचंच असेल तर मी तिथे भाजी नाही का लावणार?

विकत घ्यायला अर्थातच कुणी आलं नाही. जीपही नाही, टोप्याही नाहीत. फोन लागेना. दोन पोती बी पडवीत पडून राहिलं, शेवटी ह्यांनी ते खड्ड्यात पुरलं. पुरलं का, तर आणखी एक गोष्ट घडली होती म्हणून.

त्याच सुमारास मी जिथे शिकवत होते त्या शाळेच्या कुंपणालाही हीच रोपं लावली होती. हिरवं कुंपण, शिवाय देशसेवा. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर तिसरीतली तीन पोरं पोट धरून वर्गाबाहेर बसलेली. उलट्या थांबेनात. एकाच्या मुठीत काळ्या बिया होत्या. आतला गर शेंगदाण्यासारखा गोड लागतो, पोरांनी वाटून खाल्ला होता. टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. रात्रभर सलाईन लावलं, सकाळी पोरं हसत होती, वाचली. पण त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात एका आईने मला विचारलं, "बाई, विषाचं झाड शाळंत कशापायी लावलं?" ती कातकरी बाई, कधी शाळेत गेली नव्हती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

गुरं खात नाहीत ती विष आहे म्हणूनच ना? मग जे गुराला कळतं ते आम्हाला का कळलं नाही? बियांची पेंडही विषारी, गुरांना घालता येत नाही, फक्त खत म्हणून वापरायची. भुईमुगाची पेंड विकून घाणेवाल्याचा अर्धा खर्च निघतो, इथे तोही आधार नाही.

आता त्या 'पडीक' शब्दाबद्दल बोलते, कारण मराठीच्या बाईला शब्द टोचतात. कागदावर जमीन पडीक लिहिली की ती कुणाचीच नसते. प्रत्यक्षात आमच्या शहापूर-मुरबाडकडे एक वीतभर जमीन अशी दाखवा, की जिच्यावर कुणाचं तरी काही चालत नाही. गुरचरणावर गुरं चरतात. माळावरचं गवत विकलं जातं. वरकसावर अजूनही कुठे कुठे वरी-नाचणी होते. दळी जमिनींवर ठाकूर-कातकऱ्यांची पोटं आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यातल्या काहींना कुठे आता कागद मिळतोय. पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात मोहाची फुलं, सरपण, हे सगळं त्या 'पडीक' मधूनच येतं. फक्त त्याची पावती फाटत नाही. पावती फाटत नाही ते उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही ती जमीन पडीक, अशी ही व्याख्या.

आणि जमीन लागणार किती, तेही बघू. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळतं. त्याचे पाच टक्के म्हणजे ४५ लाख टन. त्या अहवालाचाच उदार हिशेब धरला, हेक्टरी १,२०० किलो तेल, तरी साडेसदतीस लाख हेक्टर जमीन लागेल. आपला जुना, पालघर वेगळा होण्याआधीचा ठाणे जिल्हा साडेनऊ लाख हेक्टरांचा. म्हणजे असे चार ठाणे जिल्हे! डोंगर, शहरं, धरणं, खाड्या, डोंबिवली स्टेशन, सगळ्यासकट नुसता एरंड. तेही फक्त पाच टक्क्यांसाठी. माझ्या माळाचा हिशेब धरला तर विचारूच नका.

भाचा म्हणेल, "मावशी, खनिज तेल आपण बाहेरून आणतो, त्याचं काय?" खरं आहे, बहुतेक सगळं बाहेरूनच येतं. पण अरे, खायचं तेलसुद्धा आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. पोळीला लावायला तेल नाही आणि ट्रकच्या टाकीत घालायला पेरायचं, हे घरातल्या कुठल्या बाईला पटेल? इंडोनेशियात पामतेल भरपूर. त्यांनी २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के बायोडिझेल सुरू केलं. पण त्या पामच्या मळ्यांपायी तिथली किती जंगलं गेली ते जगाला माहीत आहे. आपण त्याची नक्कल करायला गेलो तर पहिली कुऱ्हाड माहुलीच्या पायथ्याशी पडेल, मुंबईच्या समुद्रकिनारी नाही.

तो असंही म्हणेल, "इथेनॉलचं कसं जमलं मग? पेट्रोलमध्ये वीस टक्के झालंच ना २०२५ मध्ये?" झालं. का झालं, ते बघ. साखर कारखाने आधीच उभे होते, ऊस आधीच लागत होता, भाव बांधून दिला, घेणारा दारात उभा राहिला. ऊस, मका, तांदूळ गाडीत घालणं कितपत शहाणपणाचं, त्याला पाणी किती लागतं, ते भांडण वेगळं आणि मी ते एका वेगळ्या लेखात करणार आहे. पण शेतकऱ्याला ऊस तोडून झाल्यावर गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही, हे खरं. बायोडिझेलमध्ये इंजिनाची सगळी सोय झाली, शेतकऱ्याची एकही झाली नाही. आणि रिकामी जागा राहिली की तिथे चोर शिरतो. मधल्या काळात गुजरातेत आणि आपल्याकडेही बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच स्वस्त तेल विकणारे पंप निघाले आणि धाडी पडल्या, ते पेपरांत वाचलंच असेल. नाव वनस्पतीचं, टाकीत कुठलं तरी कारखान्यातलं तेल.

तुम्ही म्हणाल, बाई नुसत्या लाल शाई घेऊन बसल्यात. तसं नाही. मला या तेलाबद्दल प्रेम आहे, म्हणून राग आहे. काय जमण्यासारखं आहे तेही लिहिते.

पहिलं म्हणजे, तळून झालेलं तेल. आसनगावच्या नाक्यापासून नाशिक हायवेला लागा आणि वडापावच्या गाड्या, ढाबे, फरसाणची दुकानं मोजत चला. त्या कढयांमधलं काळं झालेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून आपल्याच पोटात जातं किंवा गटारात जातं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये हे तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजना काढली, ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. यात कुणाची जमीन जात नाही, कुणाचं पोर बी खात नाही, उलट आपल्या छातीतली जळजळ कमी होते. पण गाडीवाल्याला त्या तेलाचे रोख पैसे, दारात, दर आठवड्याला मिळाले पाहिजेत. नाहीतर तो ते पुढच्या टपरीवाल्यालाच विकणार.

दुसरं, जी झाडं उभी आहेत ती. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला करंज आहेत. खाली कोकणात उंडी आहे, तिच्या कडू तेलावर पूर्वी दिवे जळत. करंज सावली देतो, नत्र धरतो, त्याची पेंड शेताला चालते. नवे मळे नकोत, ही झाडं तोडू नका आणि अजून बांधावर लावा, एवढंच पुरे. मोहाला मात्र हात लावू नका. मोहाच्या बियांचं तेल अजून पाड्यांवर खातात. ते गाडीत घातलं, की त्यांच्या ताटातलं गेलं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गावात निघालेलं तेल गावात जळू द्या. आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबई आमचं पाणी पिते. आणि उन्हाळ्यात डोळखांबकडच्या पाड्यांना टँकर लागतो. पाणी आमचं गेलं, आणि उरलेलं पाणी आमच्यापर्यंत आणायला डिझेल जाळायचं! आता माळावर तेल पिकवून तेही शहरातल्या गाड्यांना पाठवायचं असेल, तर हात जोडून सांगते, नको. पण भातगिरणी, पाण्याचा पंप, पाड्यावरचा टँकर यांच्यापुरतं तेल इथेच काढून इथेच वापरता आलं, तर त्यावर खुशाल प्रयोग करा. मी स्वतः करंजाच्या शेंगा वेचायला येईन.

तर भाच्या, तुझ्या पुढच्या परीक्षेसाठी माझी प्रश्नपत्रिका. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक.

१. बी कोण वेचणार, आणि तिला दिवसाची मजुरी किती सुटणार?
२. ज्या जमिनीला पडीक म्हणता, तिच्यावर आज कोण काय करतं? त्यांना विचारलंत का?
३. तिसऱ्या वर्षी बी विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि लेखी भाव.
४. पेंडीचं आणि ग्लिसरीनचं काय करणार?
५. बी पोराने खाल्लं तर काय होतं?

या पाचांत पास व्हा, मग इंजिन चालू करा. सहाव्या प्रश्नाचं उत्तर मला १९०० पासून माहीत आहे.

लेख टाकण्याआधी भाच्याला फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या रिपोर्टमध्ये नाहीये." मी म्हटलं, उन्हाळ्यात ये. करंजाच्या शेंगा वाळून पडलेल्या असतील. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेच, दगडाने फोड, बी वेगळं कर आणि वजन कर. त्या दोघींपैकी एकीला मी सोबत बोलावते, ती शिकवेल. मग तिला त्या दिवसाचे किती द्यायचे ते तूच ठरव.

येतो म्हणालाय. बघू.

आमच्या माळावर अजून त्यातली पंचवीस-तीस झाडं आहेत. ह्यांनी काढली, तरी पुन्हा फुटली. आता कुंपणापुरती ठेवली आहेत, ते काम ती पूर्वीपासूनच चांगलं करतात. शाळेच्या कुंपणाची मात्र त्याच वर्षी आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून उपटून टाकली. तिथे आता अडुळसा आहे.

असो. फार लांबलं. चूकभूल द्यावी घ्यावी.